पाचवा थांबा

पुस्तिकांचा गठ्ठा हातात आला तेव्हाच वर्डेल एप्सला तो हलका लागला. एकोणीस वर्षं दर ऑक्टोबरात ती नॉरफोकमधल्या या एकाच छापखान्यातून यॉर्कटाउनच्या रणांगणफेरीच्या अठरा पुस्तिका घेऊन जात होती, आणि त्याआधीची एकवीस वर्षं सैन्याच्या रसद खात्यात पोती नि पिंपं मोजण्यात गेल्यामुळे तिच्या हातांना वजन बरोबर कळायचं. गल्ल्यापलीकडचा माणूस पावती फाडत होता. तिनं वरचीच पुस्तिका उघडली. पहिला थांबा, नदीचा काठ. दुसरा, इंग्रजांची बाहेरची तटबंदी. तिसरा, पहिला खंदक. चौथा, दुसरा खंदक. पाचवा थांबा : जेवण, पंचेचाळीस मिनिटं. तिनं पान उलटलं, परत मागं आणलं, नखानं चिकटलेलं पान सुटतंय का बघितलं. ‘‘छापताना काही राहिलं का हो?’’ तिनं विचारलं. ‘‘नाही मॅडम, काल दुपारी कर्नलसाहेबांच्या ऑफिसातनं नवी फाइल आली. जुनी टाकून द्या म्हणाले. तुम्हाला नाही सांगितलं?’’ त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती, आणि त्या काळजीचाच तिला अधिक राग आला. ‘‘सांगितलं असेल,’’ ती म्हणाली आणि गठ्ठा काखेत मारून बाहेर पडली. रस्त्यावर आरमाराची पोरं पांढऱ्या टोप्या घालून कॉफीसाठी रांगेत उभी होती. त्यांच्यातल्या एकानं तिच्यासाठी दार धरलं आणि ती त्याच्याकडे अशी बघून गेली की ते पोरगं दार धरूनच राहिलं.

जेवण. गाडीत बसून तिनं किल्ली लावली नाही. जेवण कुठं ठेवलंय या लोकांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला पडलेल्या वेढ्यात दोन्ही सैन्यांच्या मधे जी झाडी होती, तिच्या कडेचा तो थांबा. तटाच्या आत इंग्रज, बाहेर आपले आणि फ्रेंच, आणि मधल्या त्या पट्ट्यात गुलामीतून पळालेली काळी माणसं. इंग्रजांनी सांगितलं होतं, मालकाला सोडून आमच्याकडे या, तुम्ही मोकळे. आली बिचारी, बायकापोरं घेऊन आली. त्यांनी इंग्रजांचे तट रचले, खंदक खणले, आणि वेढा आवळला, दाणा संपत आला, देवीची साथ पसरली, तेव्हा त्याच इंग्रजांनी त्यांना त्याच तटाबाहेर हाकललं. मागं जावं तर इंग्रज, पुढं जावं तर मालक. ती तिथंच मेली. सगळ्या जगाच्या इतिहासात वेढ्यातला हा डाव पुन्हापुन्हा खेळला गेलाय. अलेसियाच्या गॉल लोकांनी आपलीच म्हातारीकोतारी बाहेर काढली आणि वेढा घालून बसलेल्या सीझरनं ती आत घेतली नाहीत. फ्रान्समधल्या रूआँच्या लोकांनी हजारोंना थंडीत खंदकात लोटलं आणि वेढा घालणाऱ्या राजानं त्यांना तिथंच ठेवलं. खाणारी तोंडं कमी करायची, किंवा ती शत्रूच्या गळ्यात मारायची. दर सप्टेंबरात वर्डेल लष्करी कॉलेजातल्या वर्गात अलेसियावर दोन तास बोलायची आणि सोळाच्या सोळा अधिकारी माना खाली घालून लिहून घ्यायचे, वाद घालायचे, एखादा सीझरची बाजू घेऊन टेबलावर मूठ आपटायचा. तेव्हा कुणाला हे राजकारण वाटलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे गॉल मेले की ते युद्धशास्त्र, आणि घरापासून तासाभराच्या वाटेवर हेच झालं की एकदम सगळ्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेपण. नाजूक विषय म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गाडी सुरू केली आणि ती इतक्या जोरात मागं घेतली की कुणीतरी हॉर्न वाजवला.

बस कॉलेजच्या आवारात उभी होती आणि कर्नल हॉइट दारापाशीच, गळ्यात कार्ड अडकवून. कार्डाची रीत जुनी होती, वर्डेलच्याही आधीची. फेरीला निघण्यापूर्वी शिरस्त्राणात चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकानं एक उचलायची, आणि त्या वेढ्यातल्या ज्या माणसाची चिठ्ठी येईल त्याचं कार्ड गळ्यात घालून दिवसभर तोच माणूस व्हायचं. कुणी काही विचारलं तर त्यानंच उत्तर द्यायचं. चालताना, बसमध्ये, जेवताना, परत आवारात येईपर्यंत कार्ड उतरवायचं नाही. हॉइट विभागप्रमुख म्हणून चिठ्ठी उचलत नसे. त्याचं कार्ड ठरलेलं होतं, अमेरिकन सरसेनापतीच्या कचेरीतला अधिकारी, जो हुकूम लिहून घेतो आणि वाचून दाखवतो. शेवटच्या थांब्यावर तो शरणागतीच्या अटी वाचायचा तेव्हा दर वर्षी टोपी काढून हातात धरायचा, आणि ते ढोंग नव्हतं. ‘‘वर्डेल, तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं बघा,’’ तो म्हणाला. ‘‘मला छापखान्यातनं कळलं.’’ ‘‘वेळेचा प्रश्न होता. आठ थांबे होत नाहीत, मंडळी पेंगतात. आणि गेल्या वर्षी तक्रार आली होती, तुम्हाला माहीतच आहे.’’ ‘‘कुणाची ते नाही माहीत.’’ ‘‘ते मी सांगू शकत नाही.’’ तो जवळ आला. तिची आई गेली तेव्हा हाच माणूस पावसात स्मशानभूमीत शेवटपर्यंत उभा राहिला होता. ‘‘डिसेंबरात तुमचा करार नव्यानं व्हायचाय. वरून विचारणा आहे की बासष्टाव्या वर्षी कशाला. मी सही करणार आहे, वर्डेल. मला सही करू द्या. आजचा दिवस पुस्तिकेप्रमाणं जाऊ द्या, एवढंच.’’ तिनं गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि बसमध्ये चढली. एकोणीस वर्षांत ती कितीदा अशी मूग गिळून बसली होती त्याचा हिशेब तिनं कधी केला नव्हता. आज करावासा वाटत होता.

बस बोगद्यात शिरली. वर खाडीचं पाणी, पाण्यावर लढाऊ जहाजं, आणि खाली पिवळ्या दिव्यांच्या रांगेतून ही सोळा हुशार माणसं, जी उद्या कुठंतरी कुणाचा तरी वेढा आखणार होती. कॅप्टन टेनंट नावाची एक तरतरीत मुलगी बसभर हॅम घातलेली मऊ, पावासारखी बिस्किटं वाटत फिरत होती. तिच्या गळ्यात इंग्रज पहारेकऱ्याचं कार्ड होतं. ‘‘मॅडम, मी इंग्रजांसारखं बोलून दाखवू का? की मार खाईन?’’ तिनं विचारलं आणि मागचे हसले. ‘‘बोल की,’’ वर्डेल म्हणाली. तिचा या मुलीवर राग नव्हता. राग होता तो जुना, आणि बोगद्यातल्या उजेडात तो नेहमी एकाच जागी जाऊन बसायचा. ती नऊ वर्षांची होती. गोऱ्या मुलांच्या शाळेत काळ्या मुलांना नुकतं घ्यायला लागले होते, वर्गात ती आणि लुवेनिया अशा दोघीच. शाळेची सहल याच रणांगणावर आली होती. आईनं आदल्या दिवशी पांढरा ब्लाउज दोनदा इस्त्री केला होता. तिकोनी टोपी घातलेल्या एका गाइडनं सगळ्यांना कामं वाटली, तू सेनापती, तू फ्रेंच सरदार, तू ढोलवाला, तू झेंडेवाला. तीस मुलं झाली. मग त्याची नजर या दोघींवर आली आणि तो क्षणभर थांबला. तो थांबला ते तिला आजही दिसायचं, त्याच्या ओठाचा कोपरा, टोपीखालून आलेला घाम. ‘‘तुम्ही दोघी घोडे धरा,’’ तो म्हणाला, आणि त्याला सुचलं याचा त्याला स्वतःलाच आनंद झाला. घोडे नव्हतेच. वर्डेल हाताची मूठ वळून तासभर उभी राहिली, उन्हात, सगळे शरण जाऊन आणि जिंकून होईपर्यंत. सगळ्यात लाज वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. तिनं ते घोडे नीट धरले होते. मनातल्या मनात त्यांना चुचकारलंही होतं. घरी आल्यावर आईनं विचारलं, तुला कोण केलं होतं गं, तेव्हा ती सेनापती म्हणाली.

बोगदा संपून उजेड आला तेव्हा मेजर आयझॅक पेटवे तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. गेल्या वर्षी तो विद्यार्थी होता, यंदा विभागातच शिकवायला राहिला होता. तेव्हाच्या वर्गातला एकटा काळा अधिकारी, अडतिशीचा, बोलायला शांत. त्यानं पुस्तिका मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘मॅडम, ती तक्रार मी केली होती.’’ वर्डेलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ‘‘तू?’’ ‘‘हो. सही करून केली. थांबा काढा असं मी लिहिलं नव्हतं. मला त्या झाडीत उभं केलं ते बरोबर झालं नाही, एवढंच लिहिलं होतं. त्यांनी थांबाच काढून टाकला. त्यांना सोपं पडलं.’’ ‘‘आणि मला येऊन सांगायला तुझी जीभ झडली होती का रे?’’ आवाज चढला होता. टेनंटनं पुढून वळून पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं. ‘‘तो थांबा मिळवायला मला सहा वर्षं लागली, आयझॅक. सहा वर्षं अर्ज केले. लोकांनी तोंडाला पानं पुसली. आणि तू एका कागदावर—’’ ‘‘तुम्ही पाहिलं होतंत,’’ तो म्हणाला.

तिनं पाहिलं होतं. गेल्या वर्षी हाकललेल्या माणसाची चिठ्ठी आली होती नेब्रास्काच्या एका लालबुंद, गोड स्वभावाच्या मेजरला. त्यानं चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा पडला. तो पेटवेकडे गेला, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला की हे मी करणं शोभणार नाही, तुझा मान आहे, तू घे. चिठ्ठी बदलायची तर शिक्षकाची परवानगी लागते, म्हणून दोघांनी वर्डेलकडे बघितलं, आणि वर्डेलनं मान हलवली. मग पेटवे झाडीच्या कडेला उभा राहिला आणि पंधरा जणांनी त्याला प्रश्न विचारले, अत्यंत आदरानं, आवाज खाली आणून. तुला भूक लागली होती का. तुला कुणाचा राग आला. एकीनं डोळे पुसले. पेटवेनं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि वर्डेलला वाटलं होतं, वा, काय बोलतोय, यंदा थांबा सार्थकी लागला. ‘‘मी वीस वर्षं गणवेशात आहे,’’ पेटवे आता म्हणत होता. ‘‘मला कुणी दया दाखवलेली नाही, मी कुणाकडून घेतलेली नाही. त्या दिवशी पाऊण तास घेतली. आणि बसमध्ये परत येताना सगळे माझ्याशी इतके चांगले वागले, मॅडम, इतके चांगले, की मला ओकारी आली. आणि तुम्ही हसत होतात.’’ ‘‘मी हसत नव्हते.’’ ‘‘हसत होतात. खुशीनं.’’ वर्डेलला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. उतरून चालत घरी जावंसं वाटलं. हसली असेल. तिला हवं होतं ते मिळालं होतं, त्या जागेवर एक काळा माणूस आणि समोर ऐकून घेणारे गोरे, आणि तो काळा माणूस कोण, त्याला काय वाटतं, हे तिनं विचारलंच नव्हतं. त्याला तिथं उभं केलं होतं, आणि तो नीट उभा राहिला म्हणून तिला आनंद झाला होता. तिकोनी टोपीवाल्या त्या गाइडवर त्रेपन्न वर्षं जो संताप तिनं जपला होता, तो एका क्षणात तिच्या स्वतःवरच वळला. ‘‘मग तू सांग कोण उभं राहायला हवं होतं,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘कुणीच नाही,’’ पेटवे म्हणाला. ‘‘मेलेला माणूस सगळ्यांना समजतो हो. त्याला हाकलणाऱ्याचा कधी कुणी विचार करत नाही.’’ बस यॉर्कटाउनला थांबली तसा तो उठला.

सकाळचे चार थांबे तिनं केले. चांगले केले. नदीच्या काठावर फ्रेंच आरमारानं खाडीचं तोंड कसं बंद केलं ते सांगितलं, खंदक तटापासून किती अंतरावर का घेतात ते पावलं टाकून दाखवलं, तोफांचे कोन सांगितले. तिचं डोकं दोन ठिकाणी चालत होतं. कार्डवाले आपापल्या जागी उभे राहून बोलत होते, फ्रेंच अभियंता, तोफखान्याचा सार्जंट, इंग्रज डॉक्टर, आणि सगळे हुशारीनं बोलत होते. दुसऱ्या खंदकापाशी कुणीतरी विचारलं की इतकी माती एवढ्या थोड्या वेळात कुणी उपसली असेल, आणि एकजण म्हणाला, मनुष्यबळ उपलब्ध होतं. उपलब्ध. हॉइट मागं हात बांधून उभा होता आणि समाधानानं मान हलवत होता. बारा वाजता तो म्हणाला, ‘‘चला मंडळी, पाचवा थांबा,’’ आणि सगळे हसले.

झाडीच्या कडेला लाकडी टेबलं होती. खोक्यांतून सँडविचं निघाली, सफरचंदं निघाली, लिंबू सरबताचे डबे फुसफुसले. ओक आणि पाइन अंगावर आल्यासारखे जवळ होते आणि त्यांच्याखाली पाचोळा. वर्डेलनं खोकं घेतलं नाही. पेटवे टेबलाच्या टोकाला बसला होता, त्यानं खोकं घेतलं होतं पण उघडलं नव्हतं. सोळा तोंडं चावत होती. तिनं रसद खात्यातल्या सवयीनं अंदाज केला, एवढ्या अन्नावर किती माणसं किती दिवस काढतील, आणि त्या सवयीचाही तिला राग आला. पुस्तिकेप्रमाणं बसून राहिली तर डिसेंबरात सही होणार होती. आणखी दोन-तीन वर्षं मिळाली असती. कदाचित पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, पुन्हा सहा वर्षं. ती उठली आणि टेबलांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

‘‘कार्डं गळ्यात आहेत ना सगळ्यांच्या?’’ ती म्हणाली. ‘‘छान. खात राहा. एक प्रश्न आहे, प्रत्येकाला. या झाडीतून एक माणूस तुमच्याकडे चालत येतोय. काळा आहे. अंगावर देवी उठल्यात. काल तटाच्या आत होता, आज बाहेर आहे. त्याची भूमिका आज कुणीही करणार नाही. त्याला काय वाटतं हे कुणी विचारायचं नाही. तुम्ही तुमच्या जागी आहात, तो तुमच्यासमोर आलाय. आत घेणार की नाही?’’ चावणं हळूहळू थांबलं. फ्रेंच अभियंता सरबताच्या डब्यावरची अक्षरं वाचू लागला. तोफखान्याच्या सार्जंटनं हात वर केला. ‘‘मॅडम, आदेश काय आहे?’’ ‘‘आदेश तू बाजूला ठेव. तो समोर उभा आहे.’’ ‘‘पण आदेशाशिवाय मी कसं—’’ ‘‘वर्डेल,’’ हॉइट म्हणाला. त्यानं हातातलं सँडविच कागदावर ठेवलं होतं. आवाज सौम्य होता. ‘‘पुरे. जेवू द्या त्यांना.’’ ‘‘तुमचंही कार्ड गळ्यात आहे, कर्नल. तुम्ही सरसेनापतीच्या कचेरीत आहात. लढाई तुम्ही जिंकलीत. देश मोकळा झालाय. हा माणूस मेला नाही, तगला, तुमच्याकडे आलाय. त्याचं काय करायचं, तुमच्याकडे काही कागद आहे का?’’

हॉइटनं तिच्याकडे पाहिलं. ती थांबली, कारण तिची खात्री होती की तो अडखळेल, सावरून घेईल, काखा वर करील. त्यानं रुमालानं बोटं पुसली. ‘‘शरणागतीनंतर सहाव्या दिवशीचा हुकूम,’’ तो म्हणाला, शेवटच्या थांब्यावरच्या त्याच स्वच्छ आवाजात. ‘‘नदीच्या दोन्ही काठांना एकेक चौकी. इंग्रजांबरोबर आलेले सगळे काळे तिथं जमा करायचे. जो मोकळा असल्याचं सिद्ध करील त्याला तसा कागद द्यायचा. बाकीच्यांची नावं, वर्णनं लिहून घ्यायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, मालकांनी येऊन घेऊन जावं. कुणाही अधिकाऱ्यानं त्यातलं कुणाला परस्पर नोकर म्हणून ठेवू नये.’’ एकही शब्द त्याला शोधावा लागला नव्हता. ‘‘मी वाचलेलं नसेल असं वाटलं होतं का तुम्हाला?’’ वर्डेलला खरोखर तसंच वाटलं होतं. एकोणीस वर्षं तिचा सगळा राग या एका समजुतीवर उभा होता की यांना माहीत नाही, कुणी सांगितलं नाही, सांगितलं की कळेल. त्यासाठीच तर ती बोलत आली होती. आणि याला ते पाठ होतं. ‘‘मग जेवण इथं का ठेवलंत?’’ तिनं विचारलं. हॉइट प्रामाणिक माणूस होता. त्यानं विचार केला, आठवून पाहिलं, वर ओकच्या फांद्यांकडे नजर टाकली. ‘‘इथं सावली असते,’’ तो म्हणाला.

पेटवेनं न उघडलेलं खोकं टेबलाच्या मधोमध सरकवलं आणि तो उठून वर्डेलच्या शेजारी येऊन उभा राहिला, अंतर राखून. सही गेली होती, तिला कळत होतं, आणि त्याचं तिला त्या घटकेला काहीच वाटत नव्हतं. छातीत फक्त संताप होता, स्वच्छ, कुणाच्याही आदराची गरज नसलेला. ती सोळाजणांकडे वळली. ‘‘उत्तर आल्याशिवाय बस हलायची नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तो अजून उभा आहे.’’ मग टेनंटनं बिस्किटाचा चुरा मांडीवरून झटकला आणि गळ्यातलं पहारेकऱ्याचं कार्ड दोन्ही हातांनी धरलं. सकाळची थट्टा तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हती. ‘‘नाही,’’ ती टेबलाकडे बघत पुटपुटली. ‘‘मी आत घेणार नाही.’’

‘‘उभी राहा,’’ वर्डेल म्हणाली. ‘‘मला नको सांगू. तिकडे, झाडीकडे तोंड कर आणि मोठ्यानं सांग. त्याला ऐकू जायला हवं.’’